उष्ट्या चमच्याचा सीन

गेली अकरा वर्षं मी जपानी टीव्हीवर दिसते आहे आणि या वसंतापर्यंत माझा आवाज इथे कुणीही ऐकलेला नव्हता. इथे एका प्रकारचे कार्यक्रम असतात, ज्यांत जगभरात घडलेल्या खऱ्या घटना नटांकडून पुन्हा करून दाखवतात. कुणी नवऱ्याला विष घातलं, कुणी विमान कोसळून जंगलात जिवंत राहिलं, कुणाच्या पोटात ऑपरेशनची कात्री राहून गेली. घटना परदेशातल्या, म्हणून माणसंही परदेशी लागतात. तोक्योत राहणारे आम्ही काही ठरलेले चेहरे ती कामं आलटून पालटून करतो. संवाद ज्याने त्याने आपल्या भाषेत बोलायचे, कारण नंतर त्यांवर जपानी आवाज चढवला जातो. माझ्यावर ज्या बाईचा आवाज चढतो ती पाकात मुरल्यासारखं गोडगोड बोलते. मी पेरूतली विधवा असो की इजिप्तमधली खुनी सून, आवाज तिचाच.

सुरुवातीला मी प्रसंगाला शोभेल असं मराठी बोलायचे. नवरा मेला तर नवरा मेल्यासारखं. मग एकदा माझ्या लक्षात आलं की कुणाला काही फरक पडत नाही. त्यानंतर मी नवऱ्याच्या प्रेतावर पडून हंबरडा फोडत दोडक्याच्या शिरांच्या चटणीची कृती सांगितली आहे. तीळ केव्हा घालायचे तिथे माझा गळा दाटून आला. कट झाल्यावर एका असिस्टंट मुलीने डोळे पुसले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन नवऱ्याला हे हसत हसत सांगितलं, पण आंघोळ करताना मला स्वतःचा राग आला. शिकलेलं काम असं नासवायचं म्हणजे काय?

कारण मी शिकलेली होते. पुण्यात नाटकाच्या ग्रुपमध्ये दहा वर्षं काढली होती, झाडू मारण्यापासून सगळं केलं होतं. मग मुंबईत एका रोजच्या मालिकेत थोरल्या जाऊबाईचं काम सात महिने केलं. मला लोक चेहऱ्यावरून कमी आणि आवाजावरून जास्त ओळखायचे. रिक्षात मागे बसून पत्ता सांगितला की रिक्षावाला मान वळवून बघायचा. "ताई, तुम्ही त्या जाऊबाई ना?" मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू? नंतर नवऱ्याला इथल्या कंपनीचं काम मिळालं, दोन वर्षांसाठी म्हणून आम्ही आलो, मुलगी इथेच झाली, आणि तोक्योच्या फुनाबोरी भागातला हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आता घर झाला आहे. खाली कोम्बिनी, म्हणजे चोवीस तास उघडं दुकान, समोर शाळा, शेजारी दोन गुजराती आणि एक तमिळ कुटुंब. जाऊबाई तिकडेच राहिल्या.

आता किळसेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मला किळस फार लवकर येते. या धंद्यात किळस येणाऱ्या माणसाने येऊच नये. विगच्या पेटीत मागच्या आठवड्यातल्या कुणाच्या तरी डोक्याचा वास बसलेला असतो. मेकअपचा स्पंज मेक्सिकन खुन्याच्या हनुवटीवरून थेट माझ्या गालावर येतो. भाड्याने आणलेली ब्लाउजं काखेत कडक झालेली असतात. मी घरून माझा स्पंज, माझा टॉवेल आणि विगच्या आत घालायची पातळ टोपी घेऊन जाते. त्यावरून सेटवर मला फार नाजूक प्रकृतीची समजतात. नाजूक कसली! चांगली दणकट आहे, फक्त दुसऱ्याचं अंग मला नको वाटतं.

त्यातही उष्टं. याचं मूळ एका ताटात आहे. माझे बाबा जेवून उठले की आई त्यांच्याच ताटात बसायची. शेवग्याच्या शेंगांची आमटी असली की ताटाच्या कडेला बाबांनी चावून टाकलेल्या चोथ्यांची रास असायची. आई ती बोटाने बाजूला सारायची आणि तिथेच भात कालवायची. मी सात-आठ वर्षांची असेन, एकदा ते बघून मला मळमळून आलं आणि मी मोरीत जाऊन ओकले. आईने पाठीवरून हात फिरवत सांगितलं, "अगं, आपल्या माणसाचं उष्टं ते उष्टं नसतं." मग ते काय असतं, हे तिने सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी कुणाचंही उष्टं तोंडात घेतलेलं नव्हतं. मैत्रिणीच्या बाटलीतलं पाणी प्यायले नाही. लग्नात घास भरवताना नवऱ्याने अर्धी चावलेली जिलबी माझ्या तोंडापुढे धरली, ती मी रुमालात घेतली. ते फोटोत स्पष्ट दिसतं आणि सासरची माणसं अजून तो फोटो एकमेकांना दाखवतात.

तर, दीड वर्षापूर्वी आमच्या जिमुशोतून, म्हणजे परदेशी नटांना कामं मिळवून देणाऱ्या ऑफिसातून, मॅनेजरबाईंचा फोन आला. टीव्हीवरचं दोन तासांचं नाटक होतं, खरंखुरं लिहिलेलं. एक एकटा म्हातारा आणि त्याची काळजी घ्यायला आलेली भारतीय बाई, अशी दोनच मोठी पात्रं. म्हाताऱ्याचं काम इथले एक फार जुने, फार मानाचे नट करणार होते. बाईला जपानीत तीसेक संवाद होते. मी विचारलं, "आणि आवाज कोणाचा?" मॅनेजरबाईंना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमचाच. दुसऱ्या कोणाचा असणार?"

 हे काम मला हवंच होतं. इतकं हवं होतं की त्याची मला लाज वाटत होती. पुढचे पंधरा दिवस मी बाथरूममध्ये, जिन्यात, सायकलवर ते जपानी संवाद घोकत होते. माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती. ती माझे उच्चार दुरुस्त करायची. "आई, चिगाउ. असं नाही. त्सु म्हण. त्सु." आपल्याच पोटच्या पोरीकडून बाराखडी गिरवायची वेळ आली होती, पण मी मुकाट्याने गिरवत होते.

ऑडिशनला लांब टेबलामागे चार माणसं बसली होती. दिग्दर्शक चाळिशीतला, टोपी घातलेला, अगदी हळू बोलणारा. संवाद म्हणून झाले. ते ठीक झाले, चांगले नाही, हे मला कळलं. माझ्याआधी एक नेपाळी मुलगी आत जाऊन आली होती आणि ती माझ्यापेक्षा तरुण होती आणि तिचं जपानी वाहत्या पाण्यासारखं होतं. काम हातातून जाणार हे मला दिसत होतं. तेवढ्यात दिग्दर्शकांनी विचारलं, "तुमच्या देशात माणसं प्रेम कसं दाखवतात? शब्द न वापरता?"

असले प्रश्न इथे मला हजार वेळा विचारले गेले आहेत. तुमच्या देशात. जसं काही त्या देशातली सगळी माणसं मिळून एकच काम करत असतात. पण अशा वेळी द्यायची तयार उत्तरं माझ्याकडे असतात आणि मी ती दुकानातल्या पुड्यांसारखी काढून देत असते. त्या दिवशी मी पुडी काढली ती आईची, फक्त बाबांच्या जागी मूल ठेवून. म्हणाले, "आमच्याकडे आई मुलाने टाकलेलं, उष्टं अन्न स्वतः खाते. जे दुसऱ्या कोणाच्या तोंडातलं असेल तर आम्ही शिवणारही नाही, ते प्रेमाच्या माणसाचं असेल तर आनंदाने खातो. त्याला उष्टं मानत नाहीत." बोलताना मी डोळे किंचित खाली केले. तेवढं मला येतं.

 दिग्दर्शकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. चार दिवसांनी काम मला मिळालं. आठवड्याने नवीन संहिता आली. त्यात मधोमध एक नवा सीन होता.

म्हातारा जेवत नाही. बाई चमच्याने ओकायु भरवते, ओकायु म्हणजे आपली भाताची मऊ पेज. म्हातारा घास तोंडात घेतो, चघळतो आणि चमच्यात परत थुंकतो. बाई क्षणभर त्याच्याकडे बघते आणि तोच चमचा स्वतःच्या तोंडात घालते. गिळते. म्हणते, "माझ्या देशात आई मुलाचं टाकलेलं खाते. म्हणजे ते टाकलेलं राहत नाही." मग म्हातारा तोंड उघडतो.

उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याचं हे फळ. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते पान तीन वेळा वाचलं आणि सिंकमध्ये चूळ भरली. नवरा हसून हसून लाल झाला. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!" मी म्हटलं, "हसू नकोस, मला हे जमणार नाही." तो म्हणाला, "अगं, चमचाच तर आहे. आणि खोटं करतील गं काहीतरी, पिक्चरमध्ये काय खरं असतं?"

मलाही तीच आशा होती. सेटवर खाण्याचे पदार्थ सांभाळायला एक बाई असतात. पडद्यावर खाऊन संपणाऱ्या या वस्तूंना इथे 'नाहीशा होणाऱ्या वस्तू' अशा अर्थाचा शब्द आहे. मी त्यांना आधी जाऊन भेटले. त्या म्हणाल्या, काही काळजी करू नका, चमचा बदलू, मध्ये कट असेल, पेज ताजी देऊ. मी त्यांना तीनदा वाकून नमस्कार केला. पण शूटिंगच्या दिवशी दिग्दर्शक आले आणि म्हणाले, "हा सीन मी मध्ये न तोडता घेणार आहे. चमचा त्यांच्या तोंडातून तुमच्या तोंडात जाताना दिसला पाहिजे. नाहीतर ते जे तुम्ही मला सांगितलंत, ते खरं वाटणार नाही." त्यांनी 'तुम्ही मला सांगितलंत' हे असं आदराने म्हटलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शूटिंग त्सुकुबाच्या बाहेर एका रिकाम्या घरात होतं. मी फुनाबोरीहून निघून, अकिहाबाराला गाडी बदलून, तिथल्या त्या जलद गाडीने जायचे. गाडी स्वच्छ आणि गप्प. त्या दिवशी मी काहीही न खाता गेले. रिकाम्या पोटी निदान बाहेर काही पडणार नाही, असा हिशेब. सेटवर कधीही पोचलं तरी सगळे एकमेकांना 'सुप्रभात' म्हणतात. मी दुपारी तीन वाजता त्या खोलीत शिरले आणि सुप्रभात म्हणाले.

जुने नट आधीच अंथरुणावर बसलेले होते. वय ऐंशीच्या पुढे. मी त्यांना मनात आजोबाच म्हणायचे. आजोबांनी या सीनसाठी तोंडातली कवळी काढून ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं, म्हाताऱ्याचा जबडा खरा दिसावा म्हणून. कवळी शेजारी झाकणाच्या डबीत होती. दात नसल्यामुळे त्यांचा खालचा ओठ आत गेला होता आणि कोपऱ्यांतून ओल दिसत होती. दिग्दर्शकांनी हळूच 'होन्बान' म्हटलं, म्हणजे आता खरा टेक.

आजोबांनी घास घेतला. चघळला. अगदी कसून चघळला. मग तो चमच्यात परत आला तेव्हा पेजेचा रंग बदललेला होता, मध्ये बुडबुडे होते, आणि चमचा दूर नेताना त्यांच्या ओठापासून चमच्यापर्यंत एक पांढरी तार लांबत गेली आणि तुटली. ती माझ्या अंगठ्यावर पडली. कोमट होती. मी चमचा तोंडापर्यंत नेला आणि माझे ओठ उघडलेच नाहीत.

"कट." दिग्दर्शक रागावले नाहीत. इथे कुणी रागावत नाही, सगळे फक्त पुन्हा मांडामांड करतात आणि आपल्याला रागावल्यापेक्षा वाईट वाटतं. दुसऱ्या टेकला मी चमचा आत घेतला, गिळलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. दिग्दर्शकांना क्षणभर ते रडू वाटलं. मग त्यांनी मॉनिटरवर पुन्हा बघितलं आणि मान हलवली. माझ्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. खाणारी बाई ओकायच्या बेतात आहे, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

मांडामांड चालू असताना आजोबांनी कवळी पुसून घातली. दात आले की तो माणूसच वेगळा होता, ताठ, करारी. ते माझ्याकडे न बघता हळू म्हणाले, "मी घास नुसता ओठांना लावतो. आत घेत नाही. चमच्यात तसाच सोडतो. दिग्दर्शकांच्या लक्षात येणार नाही. माझं वय झालंय, मला माफ असतं."

किती चांगला माणूस! साठ वर्षं काम केलेला नट माझ्यासारख्या बाईसाठी आपलं काम खोटं करायला तयार झाला होता. आणि मला त्यांचाही राग आला. मला माझ्याच किळसेची किळस आली. इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या आवाजाखाली दोडक्याची चटणी करत होते. आता आवाज मिळाला आहे आणि मी ओठ मिटून बसले आहे. मी म्हणाले, "नको. तुम्ही नेहमीसारखंच करा." ते म्हणाले, "बरं." आणि कवळी पुन्हा डबीत ठेवली.

तिसरा, चौथा, पाचवा. मी प्रत्येक वेळी खाल्लं. पाचव्या टेकनंतर मागच्या अंगणात जाऊन ओकले, रिकाम्या पोटाचं कडू पाणी. खाण्याच्या वस्तूंच्या बाईंनी माझी पाठ चोळली आणि त्या सारखं "सुमिमासेन, सुमिमासेन" म्हणत राहिल्या, जशी काही चूक त्यांचीच होती. तोंड धुऊन आत आले तेव्हा माझ्यात काही उरलं नव्हतं. बहुतेक त्यामुळेच सहाव्या टेकला ते जमलं. मी चमचा आत घेतला, गिळलं आणि माझा चेहरा आपोआप सैल झाला. तोंडात काय आहे हे मला कळत होतं, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचत नव्हतं. मी आजोबांकडे बघून हसले. थोडंसं, एका बाजूने. संवाद म्हणाले. आजोबांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, जे संहितेत नव्हतं.

दिग्दर्शक कट म्हणायला विसरले. नंतर म्हणाले, "हेच. हाच चेहरा मला हवा होता." सातवा टेक सुरक्षिततेसाठी घेतला, तोही पहिल्या फटक्यात तसाच आला. मला तो चेहरा सापडला होता, हवा तेव्हा काढता येत होता. परतीच्या गाडीत मी खिडकीच्या काचेत तो दोनदा करून बघितला. जपानात आल्यापासून मी इतकी खूश झाले नव्हते. घरी पोचल्यावर मी चार वेळा दात घासले आणि तरीही खूश होते.

शेवटच्या दिवशी इथल्या रिवाजाप्रमाणे काम संपलेल्या नटाला सगळ्यांसमोर फुलांचा गुच्छ देतात. मला आजोबांच्या हातून मिळाला. ते म्हणाले, "तुमच्या मुलांचं नशीब चांगलं आहे." मी मान खाली घालून आभार मानले.

नाटक या वसंतात दाखवलं. आम्ही ते रेकॉर्ड करून रविवारी सकाळी बघितलं, तिघंच. मी थालीपिठं केली होती, लोण्यासकट. मुलगी आता सहावीतून सुटलेली, बारा वर्षांची, लांब पायांची, बहुतेक वेळ जपानीत बोलणारी. नवऱ्याने पडदे ओढले, थिएटर करायचं म्हणून.

माझा आवाज आला. माझाच, थोडा खरखरीत, जाऊबाईंचा. मला रडू आलं ते मी लपवलं नाही. पण माझ्या जपानीखाली त्यांनी जपानी अक्षरं टाकली होती, माझं बोलणं लोकांना कळावं म्हणून. आजोबा निम्मे शब्द गिळत होते, त्यांच्याखाली काही नव्हतं. मला अशी काही शिसारी आली की टीव्ही बंद करावा. नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, आवाज तर आहे ना!"  मुलगी ती अक्षरं वाचत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

मग तो सीन आला. चमचा, थुंकी, पांढरी तार, आणि माझं गिळणं. खरंच चांगलं झालं होतं. मी दुसऱ्या कुणाचं काम बघावं तसं बघत होते. पडद्यावरची बाई हसली आणि म्हणाली, माझ्या देशात आई मुलाचं टाकलेलं खाते.

"उसो," मुलगी म्हणाली. खोटं. तिने रिमोट उचलून चित्र थांबवलं. "आई, हे खोटं आहे. तू माझं कधीच खाल्लं नाहीस."

नवरा हसला. "अगं, ते नाटक आहे. लिहिलेलं असतं ते."

"लिहिलेलं नाही, बाबा. आईनेच त्यांना सांगितलं होतं. तीच म्हणाली होती." मग ती माझ्याकडे वळली. तिचं मराठी अडखळत येतं, पण त्या दिवशी ती पूर्ण मराठीत बोलली, एक एक शब्द जुळवून. "मी होइकुएनमध्ये होते तेव्हा मी तुला बिस्किट द्यायची. अर्धं मी खायची, अर्धं तुला. रोज ठेवायची तुझ्यासाठी, खिशात. तू म्हणायचीस, बाळा, तूच खा. मी नाही म्हटलं की तू ते घ्यायचीस आणि मी बूट काढायला लागले की टाकायचीस. मला दिसायचं. बाबा खायचा. तू नाही."

होइकुएन म्हणजे पाळणाघर. ती तेव्हा तीन वर्षांची होती. मला ती ओलसर, कडा चघळलेली, खिशातला कचरा चिकटलेली बिस्किटं आठवली. तिला दिसत होतं हे मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "मला होत नाही गं ते. कुणाचंच होत नाही. तुझं म्हणून नाही."

"त्या आजोबांचं झालं."

"ते काम होतं."

"किती वेळा?"

मी खोटं बोलू शकले असते. "सहा," मी म्हणाले.

 मुलीच्या ताटलीत थालीपिठाचा तुकडा उरला होता. तिच्या दातांची गोल खूण त्याच्यावर होती आणि लोणी तिच्या ओठांनी पसरलेलं होतं.  मी हात पुढे करून त्यातला अर्धा मोडला, खूण होती तो, आणि तोंडात घातला. ओला होता. मी चावला, गिळला आणि तिच्याकडे बघून हसले.

तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग तिने टीव्हीकडे बघितलं. तिथे मी चमचा हातात धरून थांबलेली होते.

"आई," ती म्हणाली, "तोच चेहरा केलास."

 ती उठली, ताटली उचलून स्वयंपाकघरात गेली. उरलेला तुकडा तिने दोन बोटांच्या टोकांनी उचलला, अंगापासून लांब धरला, जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत सोडला आणि साबणाने हात धुतले.